निळ्या फितीची ओळ

“ही बाई आधी बाजूला करा, मग काय मोजायचं ते मोजा,” जयसिंग खराडे म्हणाला आणि त्यानं माझ्याकडं बोट केलं. नुसतं केलं नाही, पार माझ्या नाकापर्यंत आणलं.

मी ते बोट धरून खाली केलं. “लांबून बोल,” मी म्हटलं. “मला ऐकू येतं.”

मांडवाखाली जमलेले बागायतदार हसले. माझ्या तोंडाची त्यांना सवय होती. या गोष्टीला आता पंचवीसच्या वर वर्षं झाली. तेव्हा मी तासगावात कॉलेजला रसायनशास्त्र शिकवायची आणि राहायला भावाकडं, मणेरवाडीला. भाऊ म्हणजे हिंदुराव जमदाडे. बाग त्याचीच. त्या सकाळी तो माझ्या शेजारी उभा होता आणि त्याच्या कपाळाची शीर उडत होती. ती उडायला लागली की आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे.

“बाजूला कशापायी?” दादानं विचारलं.

“कशापायी ते सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक आहे, हिंदुराव.”

जयसिंग एकटा आला नव्हता. दोन जीपगाड्या बांधावर लावल्या होत्या आणि त्यातनं उतरलेली माणसं इकडंतिकडं पांगून उभी होती. काहींच्या हातात कोयते होते. द्राक्षाच्या बागेत कोयत्याचं काय काम असतं? कात्री लागते. पण आता मागं कसं सरायचं?

मोजायचं काय होतं ते आधी सांगते. जयसिंग ‘गोडधार’ नावाचं औषध विकायचा. हिरवट रंगाचं, प्लॅस्टिकच्या कॅनमधलं. मण्यात पाणी फिरायला लागलं, म्हणजे मणी मऊ पडायला लागले, की दोन फवारण्या करायच्या, म्हणजे द्राक्षाची शुगर चढते, असं तो गावोगाव सांगत सुटला होता. बागायतदार आम्हाला विचारायला लागले, की बाई, हे खरं का? आम्हाला म्हणजे ग्राहक मंडळाला. मंडळ म्हणजे तरी काय, निवृत्त मुख्याध्यापिका बिरनाळेबाई, मी आणि बाईंच्या घरातलं एक टेबल. पण आम्ही कामं चोख करायचो. चहाची पूड तपासली, कुकरच्या रिंगा उकळून उकळून फाडल्या, दुधात काय काय घालतात ते शोधलं आणि सगळं आमच्या चार पानी पत्रिकेत नावानिशी छापलं. बाईंचा नियम कडक होता. वस्तू दुकानातनं चार गिऱ्हाइकांसारखी विकत आणायची. कारखानदारानं दिलेला नमुना घ्यायचा नाही, त्याचा चहासुद्धा प्यायचा नाही. आणि निकालाच्या दिवशी त्याला बोलवायचं, म्हणजे पाठीमागं केलं असं त्याला म्हणता येत नाही.

दादानं चार ओळी दिल्या. दोन ओळींवर गोडधार मारायचं, दोनवर नुसतं पाणी. बाईंनी पाण्यात खायचा हिरवा रंग कालवून दोन्ही कॅन सारखे दिसतील असे करून दिले. एकावर निळी फीत, एकावर पांढरी. तशाच फिती ओळींच्या तोंडाला आणि झाडाझाडाला बांधल्या. कुठल्या रंगात काय, हे एकट्या बाईंना माहीत. मोजणार मी, म्हणून मला सांगायचं नाही. फवारणारा दादा, म्हणून त्यालाही नाही.

दादाला मात्र सांगायची गरजच नव्हती. त्यानं पहिल्या दिवशी ठरवून टाकलं होतं. “निळी पाण्याची,” तो म्हणायचा. रोज संध्याकाळी बागेतनं येताना दोन्ही रंगांचे मणी खाऊन यायचा आणि वहिनीला सांगायचा, “निळीची द्राक्षं साखर झाल्यात बघ. पांढरी खाल्ली की दात आंबतात. त्या खराड्याचं औषध मारलं की गोड झाड आंबट होतंय!”

“अहो, पण निळीतच औषध असलं तर?” वहिनी म्हणायची.

“खराड्याच्या हातनं काय गोड निपजणार हाय? त्यांच्या हिरीचं पाणी मचूळ, म्हशी आटलेल्या. त्यांच्या बागंतलं द्राक्ष तोंडात धरवत न्हाई. तसलं घर!”

हे ‘तसलं घर’ आमच्याकडं जेवताना रोज यायचं. भाकरीबरोबर कांदा यावा तसं. त्याचं कारण दहा वर्षांमागचं होतं, आणि तेच जयसिंगनं त्या सकाळी सगळ्यांपुढं काढलं.

“माझं लग्न ठरायचं होतं तेव्हा आमच्या घरची माणसं हिला बघायला आली होती,” तो बागायतदारांकडं वळून म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं, मजेत सांगितलं. “मी पण होतो. पोरगी उलट बोलते म्हणून आम्ही नको म्हणालो. तवापासनं ही भावंडं आमच्या नावानं खडे फोडतात. मिळालं न्हाई ते आंबट! आता हिच्या हातात मीटर दिलंय. कुणी मला सांगा, ही माझ्या औषधाची शुगर किती दाखवणार?”

कुणी हसलं नाही. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी गळ्यातल्या मीटरची दोरी बोटाला गुंडाळायला लागले.

बिरनाळेबाईच पुढं झाल्या. पांढरं पातळ, खांद्याला कापडी पिशवी, सत्तरीच्या घरात वय. “जयसिंग, तुझी शंका रास्त आहे,” त्या म्हणाल्या. “म्हणून तर मोजणाऱ्याला रंग सांगितलेला नाही. आणि तरी भरवसा नसेल तर मीटर तू धर. तू मोज. शैला नुसती बघेल.”

हे ऐकून मला हायसं वाटलं. मी गळ्यातलं मीटर काढलं, काच पुसली आणि त्याच्यापुढं धरलं. रसाचा एक थेंब काचेवर टाकायचा आणि उजेडाकडं धरून आकडा वाचायचा, एवढंच काम. गावातली शाळकरी पोरंही करतात.

“घे,” मी म्हटलं. “तूच वाच. तुझ्या तोंडून आकडा निघाला की मी मान्य करते. मग तर झालं?”

जयसिंगनं मीटरकडं बघितलं. मग बागायतदारांकडं. मी अगदी समोर होते, मला त्याचा चेहरा स्वच्छ दिसला. त्याला घाम फुटला होता. सकाळच्या गारठ्यात.

“घे की,” महादबातात्या म्हणाले. ते आमच्यातले वडीलधारे बागायतदार, दोन्ही घरांत त्यांचा शब्द चालायचा. “सरळ हाय बाईचं. मोज आणि मोकळा हो.”

“मी असल्या पोरखेळात पडत नाही,” जयसिंग म्हणाला. “हा सगळा बनाव आहे.” आणि मान न वळवताच तो आपल्या माणसांना म्हणाला, “घ्या रे. ह्या चारी ओळी सपाट करा.”

दादाची शीर बघत मी इतका वेळ उभी होते ना? ती तुटली म्हणायची. त्यानं जयसिंगच्या अशी कानफटात मारली, की तो मांडवाच्या लोखंडी अँगलच्या खांबावर जाऊन आदळला आणि वरचे दोन घड त्याच्या डोक्यावर पडले.

मग कुणी कुणाचं ऐकेना. कोयतेवाले पहिल्या ओळीत शिरले आणि दिसेल ते तोडायला लागले. घड, कोवळ्या काड्या, पानं, सगळं खाली. पायाखाली मणी फुटत होते आणि चपला घसरत होत्या. दादानं एकाला पाठीमागनं कवेत धरून उचलला आणि चिखलात आपटला. दुसऱ्यानं दादाच्या खांद्यावर कोयत्याची मूठ हाणली. तो गुडघ्यावर आला, परत उठला, त्याचा हात पिरगाळला आणि कोयता पार बांधापलीकडं भिरकावून दिला. मी बाईंना मागं ओढत होते. एकानं मला ढकललं आणि माझं डोकं खोडावर आपटलं. भुवईतनं रक्त डोळ्यात उतरलं. समोरचं अर्धं लाल दिसायला लागलं.

“निळी सोडू नका रे!” जयसिंग ओरडत होता. “पांढरी पण! एक घड राहाता कामा नये!”

बाकीचे बागायतदार बांधाला उभे होते. मी त्यांना नावं ठेवत नाही. दोन घरांचं वैर आहे, आपण का मधे पडा, असं त्यांना वाटलं असणार. पण एवढ्यात जयसिंगचा एक माणूस ओळीच्या तोंडाशी गेला. त्याच्या हातात तार तोडायचा लांब दांड्याचा कटर होता. मांडवाची मुख्य तार तिथं अँगलला ताण देऊन बांधलेली असते. फळ भरलं की अख्ख्या ओळीचं ओझं त्या एका तारेवर येतं. त्या दिवसांत आम्ही तिला हात लावायलाही भितो. भावाभावांचे बांधावरनं खून पडलेत आमच्याकडं, पण भरल्या मांडवाची तार कुणी कधी तोडली नव्हती.

“अरे ए!” महादबातात्यांचा आवाज चिरला. “तार न्हाई! भरलेला मांडव हाय! तार न्हाई रं, मुडद्या!”

दादानं ते ऐकलं आणि हातातला माणूस सोडून तो तोंडाकडं धावला. तो पोचला आणि कटर मिटला.

आवाज बंदुकीसारखा झाला. पहिली निळी ओळ एका टोकापासनं दुसऱ्या टोकापर्यंत खाली बसली, पानं, घड, अँगल, सगळं एकदम. आणि सुटलेलं तारेचं टोक हवेत वळसा घेऊन आलं ते दादाच्या तोंडावर बसलं.

दादा नुसता उभा राहिला. मग त्यानं दोन्ही हात डाव्या डोळ्यावर धरले आणि बोटांच्या फटीतनं रक्त मनगटावर, कोपरावर ओघळायला लागलं. “शैले,” तो म्हणाला. “शैले, मला दिसंना.”

पुढचं मी ठरवून केलं नाही. पण आठवतंय सगळं, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. कोसळलेल्या ओळीतला बांबूचा टेकू मी उपसला, जयसिंगजवळ गेले आणि त्याच्या तोंडावर हाणला. त्याचे पुढचे दात पडले. तो तोंड धरून वाकला तेव्हा पाठीत हाणला, बसला तेव्हा खांद्यावर. तो हात वर करून “थांब, थांब” म्हणत होता. मी थांबले नाही. मी शिव्या देत होते. माझ्या वर्गातल्या मुलांनी ऐकल्या असत्या तर त्यांनी वह्या मिटून घरचा रस्ता धरला असता. शेवटी बिरनाळेबाईंनी मागनं माझ्या कमरेला मिठी मारली. “बास शैला! मरेल तो!”

“मरू दे!” मी म्हटलं.

तोवर बागायतदार बांधावरनं आत उतरले होते. तार तुटली आणि ते नुसतं दोन घरांचं वैर उरलं नाही. जयसिंगच्या माणसांना त्यांनी लाथाबुक्क्यांनी तुडवलं. कटरवाल्याची तर हातांची बोटं त्याच्याच कटरच्या दांड्यानं ठेचली. तो किंचाळत होता आणि म्हातारे महादबातात्या त्याच्या छातीवर पाय देऊन उभे होते. जयसिंगला त्यांनी अँगलला करकचून बांधला, त्याच्याच माणसाच्या मुंडाशानं.

वहिनी घराकडनं धावत आली. तिनं पदर फाडून दादाचा डोळा बांधला. पदर लगेच भिजला. जयसिंगच्याच जीपमध्ये दादाला घातलं, मिरजेला न्यायचं ठरलं. मी चढायला लागले तर दादानं चाचपडत माझं मनगट धरलं.

“तू न्हाई. तू थांब.”

“गप दादा, सरक तिकडं.”

“शैले, आईची आण हाय. हितनं हलायचं न्हाई. आत्ताच्या आत्ता मोज. घड सुकलं म्हंजे आकडा फिरल, आणि त्यो म्हणल बनाव. सगळ्यांम्होरं मोज आणि त्या हरामखोराला नागडा कर. मग ये.” त्याचे दात वाजत होते. “माझा डोळा गेला तरी चालंल. ह्यो सुटाय नको.”

जीप गेली. मी मागं राहिले. भाऊ रक्तानं न्हाऊन दवाखान्यात चाललाय आणि बहीण द्राक्षं मोजतेय, हे लोकांना कसं दिसलं असेल कोण जाणे. पण त्यानं सांगितलं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही ते हवं होतं. जयसिंगला उघडा पडलेला बघायची मला भूक लागली होती.

चारी ओळी कमीजास्त तोडल्या होत्या तरी झाडांवरच्या फिती शाबूत होत्या. प्रत्येक रंगाची पुरेशी झाडं मिळाली. प्रत्येक घडातनं तीन मणी घ्यायचे, एक वरचा, एक मधला, एक शेंड्याचा. शेंडा पिकायला नेहमी मागं असतो, नुसता वरचा मणी घेतला तर वाटेल ते द्राक्ष गोड ठरतं. मी मणी पिळत होते, महादबातात्या आकडा बघून मोठ्यानं सांगत होते. माझ्या भुवईचं रक्त काचेवर पडू नये म्हणून एकजण माझ्या कपाळावर फडकं दाबून उभा होता. जयसिंग बांधल्या जागेवरनं बघत होता. त्याच्या हनुवटीवरनं लाळ आणि रक्त खाली गळत होतं.

“पांढरी, साडेसतरा,” तात्या म्हणाले. “आंबट. व्यापारी हात लावणार न्हाई.”

“निळी?”

“निळी वीस. एका झाडाला जरा वरच.”

परत मोजलं. तेच आलं. बागायतदार कुजबुजायला लागले. हिंदुराव पहिल्यापासनं सांगत होता, निळी पाण्याची म्हणून, असं कुणीतरी म्हणालं. मी बाईंकडं बघितलं. आता त्यांनी फक्त रंग सांगायचे होते.

बाई माझ्याजवळ आल्या. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्या अगदी हळू बोलल्या, मला एकटीला ऐकू येईल एवढंच. “शैला, निळी त्याची आहे गं. निळीत औषध होतं.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि त्या म्हाताऱ्या बाईचा गळा धरावा असं मला वाटलं. हे जगात आम्हा दोघींनाच माहीत होतं. बाईंनी उलट सांगितलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. समोर तो नालायक बांधलेला, माझ्या भावाचं रक्त अजून मातीत ओलं, आणि त्याचं औषध चांगलं निघावं?

बाई वाट बघत होत्या. त्यांनी मला काही सुचवलं नाही, की माझ्यावर काही लादलं नाही. माझा भाऊ होता, म्हणून त्या थांबल्या होत्या.

“मोठ्यानं सांगा बाई,” मी म्हटलं.

“निळी म्हणजे गोडधार,” बाई मोठ्यानं म्हणाल्या. “पांढरी म्हणजे पाणी. औषधानं शुगर अडीचनं वाढली आहे. हेच छापलं जाईल.”

आणि मग जयसिंग बोलला. दात नसल्यानं त्याचे शब्द फुसफुसत होते.

“खरं?” तो म्हणाला. “खरं चालतंय व्हय?”

आम्ही सगळे त्याच्याकडं वळलो.

“मला... मला एकानं कृती सांगितली होती. मी गोठ्यात कालवतोय. माझ्या स्वतःच्या बागेत एक थेंब मारला नाही कधी.” तो आमच्याकडं असा बघत होता, जणू आम्ही त्याला काहीतरी देणार होतो. “खरंच वाढली? वीस?”

महादबातात्या त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. “मीटर तुझ्या हातात देत होती की रं ती,” ते म्हणाले आणि त्याच्या तोंडावर थुंकले.

पोलीस आले, जयसिंगला आणि त्याच्या माणसांना घेऊन गेले. मी एस.टी.नं मिरजेला गेले. साडीवर रक्त आणि द्राक्षाचा चिकट रस, माझ्या शेजारी कुणी बसलं नाही.

दवाखान्याच्या व्हरांड्यात वहिनी बसली होती. डोळा गेला होता. डॉक्टरांनी काढूनच टाकला होता. तिनं ते सांगितलं आणि लगेच विचारलं, “काय निघालं, वन्सं?”

मी सांगितलं.

तिनं माझे दोन्ही हात धरले. “त्यांना सांगू नका. पाया पडते तुमच्या. शुद्धीवर आल्यापासनं एकच विचारत्यात, शैली आली का, किती निघालं. उलटं सांगा. छापायचं ते छापा मागाहून, आज तेवढं उलटं सांगा. न्हाईतर डोळा कशापायी गेला म्हणायचं त्यांनी?”

मला तिचं पटलं, अगदी मनापासून पटलं. आत जाईपर्यंत मी खोटं बोलायचं नक्की केलं होतं.

दादाच्या अर्ध्या तोंडावर पट्ट्या होत्या. उरलेला डोळा त्यानं माझ्यावर रोखला. “किती?”

“निळी वीस. पांढरी साडेसतरा.”

“बघ!” त्याचा चेहरा फुलला. “म्हणलं हुतं का न्हाई? निळी पाण्याची!”

एवढं ‘हो’ म्हणायचं होतं. ‘हो दादा.’ झालं असतं.

“नाही दादा,” मी म्हटलं. “निळी त्याची. औषध चालतं.”

त्यानं अंगावरची चादर मुठीत गच्च धरली. आता उठून मला मारतो की काय असं वाटत होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

“परत मोजलंस?”

“परत मोजलं. तात्यांनी वाचलं.”

“छापणार?”

“छापणार.”

“छाप,” तो म्हणाला आणि भिंतीकडं तोंड केलं. त्याचे खांदे हलायला लागले. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, त्यानं झटकला नाही. जरा वेळानं भिंतीकडं बघतच तो बोलला.

“शैले, एक इचारू? दहा वर्सं जेवताना मी त्या घराला नावं ठेवली. आंबट म्हणलो, कुजकं म्हणलो, पोरगा बावळट म्हणलो. तुला बरं वाटावं म्हणून गं. तू इसरावंस म्हणून.” तो थांबला. “तुला त्यो पसंत न्हवताच न्हवं, तवा?”

मला बघायला आले त्या दिवशी जयसिंगनं निळसर शर्ट घातला होता. बैठकीत मी त्यालाच उलट विचारलं होतं, तुम्ही काय शिकलात, आणि त्याच्या घरचे गोरेमोरे झाले होते. तो मात्र हसला होता. नकार आला त्या आठवड्यात मी विहिरीवर जाऊन रडायची. त्यानंतर आलेली सगळी स्थळं मी कसल्या कसल्या कारणानं परतवली. आणि रोज जेवताना दादा ‘तसलं घर’ म्हणाला की मी हातातला घास ठेवून पाणी प्यायची.

“छे रे!” मी म्हटलं. “मला कुठला पसंत? दारात आला तेव्हाच मला तो आवडला नव्हता.”

दादानं मोठा श्वास सोडला आणि माझा हात आपल्या हातात घेऊन डोळा मिटला. एक शब्द त्यानं परत विचारला नाही. त्याच्या तोंडावर निळीचा आकडा खरा सांगणारी बहीण त्याच्याशी खोटं बोलेल, असं त्याला वाटणार तरी कसं?